रिव्हॉल्व्हर की बारा बोअर? परवान्याचं शस्त्र घेताना लोक नावावर का जातात?

सिंदफणाकाठ

माझ्या पुतण्याचा गेवराई भागात आडतीचा धंदा आहे. घर गावात नाही, शेतात आहे. कापूस आणि तुरीच्या हंगामात रोकड घेऊन त्याला रात्री-बेरात्री यावं लागतं. मागच्या हंगामात वाटेत गाडी अडवायचा प्रकार झाला, तेव्हा पोलिसांत रीतसर तक्रार दिली. आता शस्त्र परवान्याचा अर्ज भरायचा आहे. अर्जात कुठलं शस्त्र हवं तो रकाना आला आणि घरात जी चर्चा सुरू झाली ती अजून मिटलेली नाही.

थोरले बंधू म्हणतात रिव्हॉल्व्हर घे, पण कानपुरी, म्हणजे कानपूरच्या सरकारी कारखान्याची, नको, मिळाली तर इंग्लंडच्या कंपनीची जुनी वेब्ली बघ. मेव्हणे म्हणतात पिस्तूलच पाहिजे, रिव्हॉल्व्हर आता म्हाताऱ्यांचं झालं. पुतण्याचे मित्र तर सरळ विचारतात, "बारा बोअर कामून घेतोस, बँकेचा वॉचमन दिसशील." बारा बोअर म्हणजे छर्ऱ्याची लांब बंदूक. आणि आमचे आबा, म्हणजे पुतण्याचे आजोबा, ज्यांच्याकडं गेली कित्येक वर्षं परवान्याची डबल बार, म्हणजे दोन नळ्यांची बारा बोअर आहे, ते म्हणतात की कमरेला रिव्हॉल्व्हर लावणाऱ्याला लोक एकतर प्लॉटिंगवाला समजतात नाहीतर वाळूवाला, आपल्या घरात ते नको.

मला खटकलं ते हे, की चौघांपैकी कुणीही पुतण्याला विचारलं नाही की तुझ्या हातात काय बसतं, अंधारात गाडीतून उतरताना तुला काय वापरता येईल, वर्षातून किती वेळा तू सराव करशील. चौघंही बोलत होते ते बघणाऱ्यांबद्दल. कोण बघेल, बघून काय म्हणेल. शस्त्राचं नाव म्हणजे माणसाची जातकुळी, असंच धरून चाललेत सगळे.

आपल्या भागात हे जास्तच आहे असं मला मनापासून वाटतं. डबल बार म्हणजे जुना वाडा, देशमुखी, पोलीस पाटलाचं घराणं. रिव्हॉल्व्हर म्हणजे गुत्तेदार, पुढारी. पिस्तूल म्हणजे नव्यानं पैसा आलेला, रील टाकणारा पोरगा. मस्साजोगच्या सरपंचाच्या खुनाच्या प्रकरणानंतर, २०२५ च्या सुरुवातीला बीड जिल्ह्यात परवान्यांची छाननी झाली आणि शंभराहून जास्त परवाने रद्द झाले. बंदुका हातात घेतलेले, हवेत बार काढणारे व्हिडिओ सगळ्या महाराष्ट्रानं पाहिले. त्यानंतर खरी गरज असलेल्या माणसालाही लोक त्याच नजरेनं बघतात.

ज्यांच्याकडं परवाना आहे, जे फौजेत किंवा पोलिसांत होते, नेमबाजी करतात, त्यांनी सांगावं. कंपनीच्या नावात खरंच किती तथ्य आहे? आणि लोकांची ही नजर विचारात घ्यावी की नाही?

निवृत्त_सुभेदार

नमस्कार. फौजेतून निवृत्त झालो, आता जालन्याला सुरक्षेची नोकरी करतो. बँकेचा वॉचमन म्हणजे मीच, आणि माझ्या खांद्यावरची बारा बोअर मी मानानं वागवतो. तुमच्या पुतण्याच्या मित्रांना एवढं जरूर सांगा.

आता नावाचं. "कानपुरी नको, वेब्ली बघ" हे वाक्य मी अनेक घरांत ऐकलं आहे. कानपूरच्या सरकारी कारखान्याची .३२ रिव्हॉल्व्हर (.३२ हा बोअर, म्हणजे नळीचा आतला व्यास, इंचात) वेब्लीच्या मार्क ४ या जुन्या मॉडेलवरूनच बेतलेली आहे. बिजागरीवर नळी पुढं मोडायची, रिकामी काडतुसं एकदम वर येतात, काडतुसांची सहा घरं. घडण तीच. बर्मिंगहॅमच्या, म्हणजे अस्सल वेब्लीच्या, जुन्या मालाचं फिनिशिंग चांगलं असतं हे मान्य, पण तो माल आता किती जुना झाला ते बघा. स्प्रिंग थकलेली, बिजागरी ढिली, सुटे भाग मिळत नाहीत. त्यात वेब्ली अँड स्कॉटच्या नावाची .३२ रिव्हॉल्व्हर २०२० पासून उत्तर प्रदेशात हरदोई जिल्ह्यातल्या संडीला इथं बनते आहे. म्हणजे आज नवीन वेब्ली घेतली तरी ती इथलीच.

किंमत का चढते ते समजून घ्या. १९८० च्या दशकात सरकारनं व्यापारासाठी परदेशी शस्त्रांची आयात बंद केली. त्याआधी आलेली वेब्ली, कोल्ट, वॉल्थर, बेल्जियमची ब्राउनिंग तेवढीच देशात फिरत राहिली. एकाचा परवाना संपला की दुसरा घेतो. नवीन येत नाही, म्हणून भाव लाखांत. लोकांना वाटतं भाव जास्त म्हणजे शस्त्र चांगलं. तसं नाही, तो भाव टंचाईचा आहे.

आणि एक गोष्ट कुणी बोलत नाही. बंदूक कुठलीही घ्या, आत जाणारं काडतूस बहुतेक वेळा आपल्या पुण्याच्या खडकीचं असतं. तो कारखाना १८६९ पासून चालू आहे. बुडावर के एफ ही अक्षरं असतात. परदेशी नावाच्या पिस्तुलातही तेच आणि कानपुरीतही तेच.

एक सावधगिरी. रिव्हॉल्व्हरचं बत्तीस आणि पिस्तुलाचं बत्तीस ही दोन वेगळी काडतुसं आहेत. रिव्हॉल्व्हरला स्मिथ अँड वेसन लाँग लागतं, पिस्तुलाला ए.सी.पी. दुकानात नुसतं "बत्तीस द्या" म्हणू नये.

दुधनाकाठची

मी डॉक्टर आहे, तालुक्याच्या गावी दवाखाना आहे. रात्रीच्या प्रसूतीला एकटी जाते-येते, म्हणून परवान्याची चौकशी केली होती. दुकानात गेल्यावर मला काही न विचारता समोर ठेवली ती निर्भीक नावाची छोटी रिव्हॉल्व्हर. "मॅडम, ही लेडीजची."

निर्भीक कानपूरनं २०१४ मध्ये काढली. दिल्लीच्या त्या भयंकर घटनेनंतर, बायकांसाठी म्हणून. टायटॅनियमच्या मिश्रधातूची, वजन साधारण ५०० ग्रॅम, तेव्हाची किंमत १ लाख २२ हजारांच्या आसपास. हलकी आहे हे खरं. पण हलकं म्हणजे बाईला सोपं, हे कुणी ठरवलं? शस्त्र जितकं हलकं तितका धक्का हाताला जास्त लागतो. नळी आखूड, त्यामुळं नेम धरायला सराव जास्त हवा. आणि हॅमर (मागचा घोडा) मागं न ओढता नुसता ट्रिगर दाबून उडवायचं तर बोटात जोर हवाच. पर्समध्ये मावणं आणि वेळेला वापरता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

त्याची दुसरी बाजूही सांगते. त्याच दुकानात एका गृहस्थांना वयामुळं हाताचा त्रास होता, त्यांना हलकंच शस्त्र पाहिजे होतं. पण निर्भीकला हात लावायला तयार नाहीत, कारण ती "बायकांची". कारखान्यानं एक नाव दिलं आणि त्या नावानं बाईला एकच वस्तू दाखवली जाते आणि पुरुषाला तीच घेता येत नाही. नुकसान दोघांचं झालं.

मी शस्त्र घेतलं नाही. दवाखान्याला कॅमेरे, रात्रीचा ड्रायव्हर आणि पोलीस ठाण्याशी बोलून ठेवलेला रस्ता, एवढ्यावर माझं भागतं. हा माझा निर्णय आहे, दुसऱ्याची परिस्थिती वेगळी असू शकते.

लातूरकर_टेक्सासमध्ये

काका, हा धागा वाचून राहवलं नाही. मी मूळचा औशाचा, बरीच वर्षं टेक्सासात आहे. तुमच्या घरात जे चाललंय तेच इथं प्रत्येक गन स्टोअरच्या काउंटरवर चालतं, फक्त नावं वेगळी.

इथं सगळ्यात जुनं भांडण ग्लॉक आणि १९११ चं. १९११ म्हणजे जॉन ब्राउनिंगनं बनवलेलं .४५ चं पिस्तूल, अमेरिकन सैन्यानं १९११ ला घेतलं आणि १९८५ मध्ये बेरेटा येईपर्यंत तेच त्यांचं मुख्य पिस्तूल होतं. ते बाळगणारा म्हणजे जुन्या वळणाचा, आजोबांच्या युद्धाच्या गोष्टी सांगणारा, पोलाद आणि लाकडाच्या मुठीवर जीव असणारा, असं लोक धरून चालतात. ग्लॉक ऑस्ट्रियाचं, त्यांच्या सैन्यानं १९८२ मध्ये निवडलं, सांगाडा प्लास्टिकचा, मॅगझिनमध्ये १७ गोळ्या. ते घेणारा म्हणजे रूक्ष, पोलिसी डोक्याचा, देखणेपणाशी घेणं नसलेला. रिव्हॉल्व्हरवाला म्हातारा. आणि ओहायोत बनणारं हाय-पॉइंट घेणाऱ्याला गरीब म्हणून हिणवतात. माझ्या ओळखीत एक रात्रपाळीची कामगार बाई आहे, तिला तेवढंच परवडलं. ते नीट चालतं, ती नेमानं सराव करते. तिला हसणाऱ्यांचा मला राग येतो.

निष्ठा किती आंधळी होऊ शकते याचं ताजं उदाहरण सिग कंपनीचं पी-३२० पिस्तूल. २०१७ मध्ये अमेरिकन सैन्यानं त्याचीच आवृत्ती निवडली, त्यामुळं नाव मोठं झालं. नंतर ट्रिगर न दाबता गोळी सुटल्याच्या तक्रारी आल्या, खटले झाले. कंपनी दोष मान्य करत नाही. खरंखोटं कोर्ट ठरवेल, पण तक्रार करणाऱ्या जखमी माणसालाच खोटं ठरवायला जे लोक तुटून पडतात, त्यांना कंपनीनं एक पैसाही दिलेला नसतो. त्यांनी ते पिस्तूल घेतलेलं असतं, एवढंच. वस्तूला नाव ठेवलं की आपल्याला नाव ठेवलं असं त्यांना वाटतं.

एक मोठा फरक मात्र आहे. इथं बऱ्याच रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या सरावाच्या जागी, शस्त्र भाड्यानं मिळतं. दोन-तीन प्रकार हातात घेऊन, उडवून बघायचं, मग ठरवायचं. आपल्याकडं ती सोय जवळपास नाही. वापरून बघताच येत नसेल तर माणूस नावावरच जाणार, दुसरं करणार काय? आणि ग्लॉकचं स्वप्न बघणाऱ्या पोरांना सांगा, ते बहुतेक ९ एम.एम. असतं आणि भारतात तो बोअर सामान्य नागरिकाला प्रतिबंधित आहे.

जाता जाता, सुभेदारांनी उल्लेख केलेली बेल्जियमची ब्राउनिंग, तीही याच जॉन ब्राउनिंगची. मराठवाड्यातल्या एखाद्या जुन्या कपाटातलं .३२ आणि टेक्सासातलं .४५ एकाच माणसाच्या डोक्यातून निघालं आहे.

बालाघाटी

मी जरा वेगळं बोलतो. माझ्याकडं रिव्हॉल्व्हर आहे, परवाना पक्का आहे, एकही गुन्हा नाही. खडी क्रशरचा धंदा आहे. मालक, लोकांनी बघावं म्हणूनच मी घेतली आहे, आणि त्यात काय चूक? माझ्या धंद्यात समोरच्याला कळलं पाहिजे की हा माणूस एकटा सापडला तरी सोपा नाही. कपाटात ठेवलेल्या डबल बारनं ते होत नाही. तुम्ही सगळे म्हणायलात की हातात काय बसतं ते बघा. पण शस्त्र एकदाही न उडवता काम झालं तर तेच सगळ्यात चांगलं ना? आणि ते काम नावानंच होतं. "ह्याच्याकडं स्मिथ अँड वेसन आहे" म्हटलं की वजन पडतं.

निवृत्त_सुभेदार

बालाघाटी दादा, तुमची धंद्यातली अडचण मला कळते. टवाळी करत नाही. पण ज्याला खरंच हल्ला करायचा आहे तो तुमची कंबर बघूनच माणसं वाढवून येतो. पहिली झडप तो कमरेवर घालणार, कारण वस्तू कुठं आहे ते तुम्हीच दाखवलेलं आहे. शस्त्र दाखवून मिळणारी सुरक्षितता भुरट्या माणसापुरती असते.

आणि दाखवण्याची सवय हळूहळू वाढते. आधी कमरेला, मग खंडेनवमीच्या पूजेचा फोटो, मग लग्नात "एक बार होऊ द्या" म्हणून आग्रह. शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर आनंदाच्या भरात बेफिकिरीनं काढलेल्या बारालाही दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. वर गेलेली गोळी कुठंतरी खाली येतेच, आणि मांडवात लेकरं असतात. मला या गोष्टीचा फार त्रास होतो, म्हणून इतकं लिहिलं.

बालाघाटी

मी लग्नात कधी काढलेली नाही, काढणारही नाही. बाकी तुमचा कमरेचा मुद्दा विचार करण्यासारखा आहे.

परभणीची_आई

इथं नेमबाजीचं कुणी बोललं नाही म्हणून लिहिते. माझी लेक दहा मीटर एअर पिस्तूल खेळते. .१७७ बोअरच्या, २० ज्यूलपेक्षा कमी ताकदीच्या एअर पिस्तुलाला परवाना लागत नाही, त्यामुळं ज्यांना शस्त्र म्हणजे काय, शिस्त म्हणजे काय ते पोरांना शिकवायचं आहे त्यांच्यासाठी ही चांगली वाट आहे.

पण नावाचं वेड इथंही आहे. मोरिनी, स्टायर, वॉल्थर, फाइनवेर्कबाऊ, पार्दिनी. अकादमीत ज्याच्याकडं महागडं पिस्तूल तो "सिरियस" आणि ज्याच्याकडं क्लबचं तो टाइमपास, असं पोरंच एकमेकांना ठरवून टाकतात. मनू भाकरनं पॅरिसला २०२४ मध्ये पदकं मिळवली त्यानंतर तर पालक तिचंच पिस्तूल कुठलं ते विचारत यायला लागले. तिचंच पिस्तूल टोकियोत, २०२१ मध्ये, पात्रता फेरीच्या मधोमध बिघडलं होतं हे कुणाला आठवत नाही. पदक आलं की पिस्तूल चांगलं, गेलं की वाईट, असा हिशोब लावणं त्या मुलीच्या मेहनतीवर अन्याय आहे.

आमच्या कोचनी मात्र फार चांगलं शिकवलं. पहिले कितीतरी दिवस पिस्तुलाचं नावच घेऊ दिलं नाही. आधी मूठ. मुठीचे आकार वेगवेगळे येतात, लाकूड घासून, पुट्टी भरून हाताप्रमाणं करावी लागते. मनगट न वळता पुढची-मागची साइट (नेम धरायची खूण) आपोआप एका रेषेत आली पाहिजे. मग ट्रिगर. नियमाप्रमाणं किमान ५०० ग्रॅमचा भार असावा लागतो, तो बोटाच्या कुठल्या पेरावर घ्यायचा हे प्रत्येकाचं वेगळं. माझ्या लेकीनं शेवटी जे घेतलं ते सगळ्यात महाग नव्हतं, वापरलेलं होतं, पण मूठ तिच्या हातासाठी घडवल्यासारखी होती. चप्पल जशी पायात घालून बघतो तसं हे हातात धरून बघायचं असतं.

सिंदफणाकाठ भाऊ, तुमच्या पुतण्याला एकदा एखाद्या रेंजवर नेऊन एअर पिस्तूल आणि एअर रायफल दोन्ही धरायला लावा. छोटं शस्त्र स्थिर धरणं किती अवघड आहे ते पहिल्याच दिवशी कळतं. खांद्याला टेकवलेली लांब बंदूक नवख्याच्या हातातही बरीच स्थिर राहते.

मांजरा_वकील

परवान्याची कामं पाहतो, त्यामुळं कायद्यापुरतं लिहितो.

शस्त्र अधिनियम १९५९ चं कलम १३(३) वाचा. गुळगुळीत नळीची, किमान २० इंच लांब नळी असलेली बंदूक संरक्षणासाठी किंवा खेळासाठी मागितली, तर बाकी अपात्रता नसल्यास परवाना द्यावा, असा कायद्याचा रोख आहे. पिकाच्या राखणीच्या ठासणीच्या बंदुकीलाही तसंच. रिव्हॉल्व्हर-पिस्तुलाला मात्र सबळ कारण पटवावं लागतं. म्हणजे ज्या बारा बोअरला पोरं वॉचमनची बंदूक म्हणतात, तिच्याकडं कायदा जास्त विश्वासानं बघतो. कलेक्टर कचेरीत आणि ठाण्यातही अर्ज वाचणारा माणूसच असतो. शेतवस्तीवर राहणाऱ्यानं लांब बंदूक मागितली तर ती गरजेशी जुळते. छोटं शस्त्र मागितलं तर "हे कशासाठी" हा प्रश्न येतो. आजच्या बीडमध्ये तर येणारच.

लोकांच्या नजरेचं काय, असं धागाकर्त्यांनी विचारलं आहे. माझं मत स्पष्ट आहे. गावच्या पोरांच्या नजरेला शून्य किंमत द्या. पण चौकशीला येणारा पोलीस शेजाऱ्यांना काय विचारतो आणि शेजारी तुमच्याबद्दल काय सांगतात, त्याला किंमत आहे, कारण ते अहवालात उतरतं.

आणखी एक. आबांकडं परवान्याची डबल बार आहे म्हणालात. २०१६ च्या शस्त्र नियमांतला नियम २५ बघा. परवानाधारक ७० वर्षांचा झाला किंवा त्यानं शस्त्र २५ वर्षं बाळगलं, यांपैकी जे आधी होईल, त्यानंतर तो हयातीतच कायदेशीर वारसाचं नाव सुचवू शकतो. वारसांत नातू येतो. वारसाची पोलीस पडताळणी आणि पात्रता लागतेच, आपोआप काही होत नाही. पण नवीन शस्त्र विकत घ्यायची गरजच पडणार नाही. २०१९ पासून एका माणसाला दोनच शस्त्रं ठेवता येतात आणि परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षं झाली आहे, हेही लक्षात असू द्या.

आणि शस्त्रापेक्षा आधी, रोकड कमी करा. शक्य तेवढं बँकेतून फिरवा. लुटणारा पैशासाठी येतो.

तेरणेचा_पोऱ्या

आमच्या वाड्यातही अशीच एक बारा बोअर होती, निजामाच्या काळातली, नळीवर इंग्लिश नाव. १९७२ ला वन्यजीव कायदा आला, शिकार बंद झाली, आणि त्याच साली दुष्काळ. आजोबा म्हणायचे त्यानंतर ती भिंतीवरच राहिली. नावामुळं गिऱ्हाइकं मात्र सारखी यायची. शेवटी गनस्मिथनं नळी बघून सांगितलं की आत गंजानं खड्डे पडलेत, ही उडवू नका. आबांची बंदूक नावावर करण्याआधी ती एकदा जाणकाराकडून तपासून घ्या, एवढंच सांगायचं होतं.

सिंदफणाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. वकील साहेबांचा नियम २५ घरात वाचून दाखवला. आबांना तो माहीतच नव्हता, आणि त्यांचं वय ७० च्या पुढं आहे. पुतण्याचा रिव्हॉल्व्हरचा हट्ट लगेच गेला असं नाही. तो अजूनही म्हणतो की गाडीत लांब बंदूक अडचणीची होते, आणि ते खरंही आहे. पण परभणीच्या ताईंचं लिहिणं त्यानं स्वतः दोनदा वाचलं आणि रेंजवर जायला तयार झाला. थोरल्या बंधूंना सुभेदार साहेबांचं खडकीचं सांगितलं तर ते गप्प झाले, मग म्हणाले, "मग एवढे पैसे लोक कशाचे देतात?" दुधनाकाठच्या ताईंच्या सल्ल्यानं वस्तीवर कॅमेरे बसवायचं मात्र त्याच दिवशी ठरलं, आणि रोकड बँकेतून फिरवायचं व्यापाऱ्यांशी बोलणं चालू आहे.

बंदूक तपासायला द्यायची आहे. पुतण्या आबांपेक्षा बराच उंच आहे, त्याला दस्ता, म्हणजे खांद्याला टेकवायचा मागचा भाग, आखूड पडतो. दस्त्याला मागून रबरी पॅड लावून लांबी वाढवता येते असं ऐकलं. सुभेदार साहेब, तसं केलं तर परवान्यात काही नोंद करावी लागते का? आणि गाडीतून नेताना नळी उतरवून केसमध्ये ठेवता की तशीच?

निवृत्त_सुभेदार

पॅड लावायला हरकत नाही, पण काम परवानाधारक गनस्मिथकडूनच करून घ्या आणि पावती जपून ठेवा. नोंदीचं वकील साहेब सांगतील. मी नेताना नळी उतरवून केसमध्येच ठेवतो, काडतुसं वेगळ्या पिशवीत, परवान्याचं मूळ पुस्तक जवळ. आणि शस्त्र हातात घेतलं की दर वेळी आधी मोडून दोन्ही घरं बोटानं तपासायची, मग भले तुम्हीच मघाशी रिकामी केलेली असो. हे आबांनी त्याला आपल्या हातानं शिकवावं.